पोपटाची झिजलेली चोच

पेनांच्या कारखान्यात निब विभाग सांभाळणाऱ्या बाईला सगळे ‘भिंगबाई’ म्हणत. तिच्या गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग कायम लोंबत असायचं. जेवताना भातात खडा लागला तर ती तो आधी भिंगातून बघते आणि मगच बाजूला ठेवते, असं तिच्या मागे बोललं जाई. हे तिच्या कानावर आलं होतं. पण त्यात खोटं काहीच नसल्यामुळे ती कुणाशी भांडायला गेली नाही.

त्या वर्षी कारखान्याने ‘पोपट’ पुन्हा बाजारात आणायचं ठरवलं. पोपट हे काही त्या पेनाचं कागदोपत्री नाव नव्हे. हिरवंगार अंग आणि चोचीसारखी बाकदार क्लिप बघून गिऱ्हाइकांनीच ते चिकटवलं होतं. एके काळी हे शाईपेन धडाधड खपत होतं. मग बॉलपेनं आली आणि पोपट उडाला. आता लोकांना पुन्हा जुन्या पेनांचं वेड लागलं होतं, तेव्हा हुबेहूब तसंच पेन काढा, असं वरून फर्मान निघालं.

हुबेहूब म्हणणं सोपं होतं. जुने आराखडे गोदामात पाणी शिरून केव्हाच लगदा झाले होते. मोजमाप घ्यायला अस्सल जुना पोपटच हवा होता, आणि भिंगबाईला तो कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं. तिच्या सासूबाईंकडे एक होता. सासूबाई छापखान्यात प्रुफं तपासायच्या. नोकरी सुटल्यावरही घरी प्रुफं येत राहिली आणि त्या मागच्या खोलीत टेबलाशी बसून शेवटच्या आजारपणापर्यंत ती तपासत राहिल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं होत आली होती.

सासऱ्यांनी पेन चष्म्याच्या रिकाम्या डबीत ठेवलं होतं. डबी सुनेच्या हातात देताना त्यांनी ती लगेच सोडली नाही.

“ने. पण जपून हं, बाळ. तिने मला कधी या पेनाला हात लावू दिला नाही. संसार सगळा वाटून घेतला, पेन तेवढं वाटलं नाही.”

“डोळ्यात तेल घालून जपेन, बाबा.”

तिने खरोखरच तसं जपलं. टोपणाचे आटे, निबेचा बाक, निबेखालची जीभ, सगळं मोजून झालं. काही महिन्यांनी नव्या पोपटाचा पहिला नमुना टेबलावर आला. दोन्ही शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटावीत. जुन्याची हिरवी झाक जरा पिवळटली होती, इतकाच काय तो फरक.

मग दोन्हींत शाई भरून लिहून बघितलं, आणि सगळेच बुचकळ्यात पडले.

नवं पेन छान चालत होतं. जुनं मात्र कागद ओरबाडत होतं. साहेबांनी लिहून पाहिलं, हिशेबनिसाने पाहिलं, जोडणी विभागातल्या बायकांनी पाहिलं. ज्याच्या हातात जाई त्याच्या हातात ते खरखरे, मध्येच शाई सोडायचं थांबे.

“झकास!” साहेब खूश होऊन म्हणाले. “आपण बापाच्या वरताण निघालो. करा सुरू उत्पादन.”

भिंगबाईच्या मात्र हे गळी उतरेना. सासूबाई काही तडजोड करणाऱ्यांतल्या नव्हत्या. चहात साखर चिमूटभर कमी पडली तरी कप परत पाठवणारी बाई. ती असल्या खरखरीत पेनाने जन्मभर लिहील? पेन कधी पडलंबिडलं असेल म्हणून तिने भिंग लावून निब न्याहाळली. चीर सरळ होती. टोकाची दोन्ही पाती एका रेषेत होती. दोष म्हणून काही दिसेना.

“मला थोडे दिवस द्या,” ती साहेबांना म्हणाली.

“भिंगबाई, खडा सापडेपर्यंत तुम्ही काही जेवू देणार नाही आम्हाला,” साहेब हसले. पण दिवस दिले.

त्या संध्याकाळी ती पेन घरी घेऊन आली. नवरा जेवणाच्या टेबलावर दुकानातून आणायच्या सामानाची यादी करत होता आणि त्याच्या बॉलपेनाने ऐनवेळी मान टाकली होती. त्याने समोरचं हिरवं पेन उचललं.

“अरे, आईंचं आहे ते!”

“म्हणजे माझ्या आईचंच ना? एक ओळ लिहितो. लहानपणी नुसतं बघितलं तरी डोळे वटारायची.”

त्याने लिहिलं, ‘तांदूळ’. मग ‘साबण’. मग तो थांबला आणि त्याने पेनाकडे बघितलं.

“हे खरखरतं म्हणत होतीस ना तू? हे तर लोण्यासारखं चाललंय.”

भिंगबाईने कान दिला. आवाजच नव्हता. कागदावर ओली, काळीभोर, अखंड रेघ उमटत होती. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्या हाताकडे नव्याने बघायचं कारणच पडलं नव्हतं. नवरा डावखुरा होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात पोचल्यावर तिने डबासुद्धा जागेवर ठेवला नाही, आधी निब सूक्ष्मदर्शकाखाली धरली. कालपर्यंत ती दोष शोधत होती, निब समोरून बघत होती. आज तिने ती डाव्या हातात धरावी तशी कलती केली आणि दिवा वळवला.

निबेच्या टोकाला कठीण धातूचा इवलासा मणी असतो. तो गोल असतो, कारण कोण कसं लिहील हे करणाऱ्याला माहीत नसतं. या मण्याच्या एका कडेला एक तिरका पैलू पडला होता. सपाट आणि असा चकचकीत, की दिव्याचा उजेड त्यातून परत येऊन तिच्या डोळ्यांत शिरला. तिने आयुष्यभर निबा घासल्या होत्या, चांगल्यातला चांगला घासकागद आणि झिलईचा लेप वापरून. असली झिलई तिच्या हातून एकदाही साधली नव्हती. ही कुठल्या यंत्राने केली नव्हती. प्रुफाचा स्वस्त, जाडाभरडा कागद, शाई आणि एक हात, रोज, न चुकता. पोलादाला दाद न देणारा धातू एका बाईच्या लिहिण्यापुढे नमला होता.

आणि तो हात डावा होता.

सासूबाई उजव्या हाताने लिहीत. तिने स्वतः पाहिलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

तरी तिने घाई केली नाही. जुनी पेनं विकणाऱ्या एका काकांकडे गोदामात पडून राहिलेला, कधी शाईच न लागलेला एक पोपट होता. तो तिने मागवला. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा मणी गोल गरगरीत, आणि लिहायला तो थेट नव्या पोपटासारखा, साधा, गुणी. म्हणजे जुन्यात आणि नव्यात कारखान्याने केलेला फरक काहीच नव्हता. बाकीचं सगळं सासूबाईंनी केलं होतं.

“मग आपलं बरोबर आहे की,” साहेब म्हणाले.

“बरोबर आहे. आहे तसंच जाऊ द्या, साहेब. पुढचं ज्याचं तो करील.”

घरी सासऱ्यांना कसं सांगावं, याची तिने वाटेत बरीच जुळवाजुळव केली होती. पण तोंड उघडलं आणि सगळं भडाभडा बाहेर पडलं.

“बाबा, आई डावखुऱ्या होत्या?”

“छे! काहीतरीच काय. उजव्याने लिहायची. बँकेत सही करताना मी शेजारी उभा असायचो.”

तिने पैलूचं सांगितलं. नवऱ्याने पेन धरून लिहून दाखवलं. सासरे बराच वेळ कागदावरची रेघ बघत राहिले. मग त्यांनी मागच्या खोलीच्या दिशेने मान वळवली.

“दिवा,” ते म्हणाले. “टेबलावरचा दिवा ती उजवीकडे ठेवायची. मी झाडलोट करताना डावीकडे सरकवायचो. लिहिताना हाताची सावली पडू नये म्हणून दिवा डावीकडेच असतो ना? ती परत उजवीकडे न्यायची. मी परत डावीकडे. वर्षानुवर्षं हेच. मला वाटायचं, हट्टी आहे.”

त्यांनी त्या खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं.

“आणि दार लावून बसायची. म्हणायची, दार उघडं असलं की प्रुफांत लक्ष लागत नाही. प्रुफांवर खुणाच तर करायच्या असतात, त्या कुठल्या हाताने केल्या हे कुणाला कळणार? तिला शाळेत मारून मारून हात बदलायला लावला असेल. कधी बोलली नाही. मलासुद्धा नाही.” ते मुलाकडे वळले. “तुझ्या वर्गाच्या बाई तुझा डावा हात बांधून ठेवायचं म्हणाल्या होत्या. आठवतं? कधी आवाज न चढवणारी बाई, शाळेत जाऊन असं रान उठवलं तिने! हेडमास्तर खुर्चीतून उठले. मी घरी येऊन तिला हसलो होतो. म्हटलं, एवढं काय त्यात.”

नवऱ्याने आपला डावा हात टेबलावर उपडा ठेवला आणि नुसता बघत राहिला.

“निब घासून सारखी करून देऊ का, बाबा?” भिंगबाईने हळूच विचारलं. “मग तुम्हालाही लिहिता येईल.”

“खबरदार!” सासरे इतक्या जोरात म्हणाले की तेच दचकले. मग मऊ आवाजात म्हणाले, “मला ते बघता येईल का? तुझ्या त्या यंत्रातून?”

पुढच्याच आठवड्यात ती त्यांना कारखान्यात घेऊन गेली. ठेवणीतला सदरा घालून, केस चापून विंचरून ते आले होते. तिने निब लावली, दिवा वळवला, त्यांना डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि ते पुन्हा वाकले.

“केवढं हे,” ते म्हणाले. “केवढं लिहिलंय गं तिने.”

जोडणी विभागातल्या बायका आपापलं काम सोडून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. साहेबही आले आणि बायकांच्या मागे थांबले. सासऱ्यांचं कुणाकडे लक्ष नव्हतं. भिंगबाईने एक स्टूल आणून त्यांच्यामागे सरकवलं. डोळा न काढता ते त्यावर बसले.