मामांसाठी चाकू

दामिनी नांदेडला वजिराबादच्या दुकानात चाकू घ्यायला गेली ती आईनं सांगितलं म्हणून. चाकू मामांसाठी होता, आणि मामांचं नाव निघालं तरी तिचे दात आवळले जायचे.

शिवमूर्तीमामा लातूरला सरकारी खात्यात साहेब होते. आता निवृत्त होत होते. पांढरा सफारी, खिशात इस्त्रीचा रुमाल आणि रुमालाच्या घडीत बोटाएवढा मिटता चाकू, असा त्यांचा थाट. पेरू असो की आंबा, मामा चाकू काढणार, निवांत फोडी करणार आणि पात्याच्या टोकावर धरून एकेकाला देणार. सोयरिकीच्या बैठकीत लोक आधी त्यांच्या हाताकडं बघत बसायचे, मग त्यांचा शब्द ऐकायचे. तो चाकू कुठंतरी प्रवासात पडला होता.

"दादाला तसलाच आण," आई म्हणाली होती. "निरोपाच्या कार्यक्रमात आपल्या हातानं द्यायचा. माझ्या माहेरात तेवढा एकच माणूस ऱ्हायलाय."

दुकानदार संगप्पांनी काचेखालून दोन चाकू काढून ठेवले. दोन्ही शिसवी मुठीचे, टोकाला पितळ, पातं करंगळीएवढं. शेजारी शेजारी ठेवले तर कुठला कोणता ते कळू नये.

"दोन्ही सारखेच का?"

"दिसायला सारखेच," संगप्पा म्हणाले. त्यांनी एक उघडला, पातं अंगठ्यानं दाबलं. ते हललं नाही. दुसरा उघडून तसंच केलं तर पातं सरकन खाली आलं. त्यांनी बोट वेळेवर काढून घेतलं. "ह्याच्या पाठीची कमान ढिली हाय. कापताना जोर दिला की मिटतो, तो थेट बोटावर. मी परत पाठवणार होतो, चुकून ह्याच डब्यात ऱ्हायला. तुम्ही हा न्या, पहिला."

दामिनीनं तो दुसरा चाकू हातात घेतला. ती डॉक्टर लेनमधल्या एका दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. अंगठ्याशेजारचं बोट आतल्या बाजूनं कापलं की काय होतं ते तिनं पाहिलं होतं. बोट ओढणारी शीर तुटली की ते मिटत नाही. टाके घातले, महिनोन्‌महिने व्यायाम केला, तरी पुष्कळदा ते काठीसारखं ताठ राहतं. त्या बोटानं पेरूच्या फोडी होत नाहीत.

"दोन्ही द्या," ती म्हणाली.

"ताई, हा खराब हाय म्हणून सांगितलं ना."

"हाव. घरात शोभेला ठेवते. कापायला न्हाई वापरत."

संगप्पांना ते पटलं नाही, पण त्यांनी ढिल्या चाकूच्या मुठीला लाल दोरा बांधला, ओळखायला, आणि दोन्ही कागदात गुंडाळून दिले.

बसमध्ये बसल्यावर दामिनीनं पहिली गोष्ट केली ती तो दोरा सोडून टाकायची. मग पाती उघडून बघितली आणि ढिला चाकू पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळा ठेवला.

अर्धापूरजवळ त्यांचं गाव. घरी आई कस्तुराबाई आणि धाकटी बहीण राजकन्या. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. केळीचं रान वाट्यानं दिलेलं होतं.

राजकन्येचं स्थळ मामांनीच आणलं होतं. चाकूरकडचा भारत. त्याचे वडील मलप्पा वजनदार माणूस, वरपर्यंत ओळखी. लग्न थाटात झालं आणि चार-पाच महिन्यांत राजकन्येला कळलं की भारतची बिदरला एक बायको आहे, एक मूल आहे, आणि तो महिन्यातले निम्मे दिवस तिकडंच असतो. ती माहेरी निघून आली. मग बैठक बसली. दोन्हीकडची माणसं. मामा मधोमध. राजकन्येला वाटलं, मामा आहेत, आता न्याय होईल.

मामांनी पेरूची शेवटची फोड मलप्पांना दिली, पातं रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "पोरीला ल्हानपणापासून झटके येतात. आम्ही झाकून दिली. चूक आमच्याकडची हाय."

राजकन्येला कधीही झटका आला नव्हता. पण सख्खा मामा सांगतो म्हटल्यावर पुढं कुणी काही विचारलं नाही. बिदरचं नावही निघालं नाही. गावात मात्र ते वाक्य राहिलं. राजकन्या दळणाला निघाली आणि उन्हानं जरा थांबली, तर बायका कांदा फोडून तिच्या नाकाशी धरायला धावायच्या. एकदा एकीनं चप्पल धरली. त्यानंतर राजकन्या घराबाहेर पडेनाशी झाली.

मामांची बदली त्याच सुमारास लातूरला झाली होती. मलप्पांच्या शब्दावर झाली, हे नंतर कळलं. आणि एक गोष्ट कळली ती मामीकडून. अयोध्यामामी डोळ्याच्या ऑपरेशनला नांदेडला आल्या होत्या. डोळ्यावर पट्टी असताना त्यांनी दामिनीचा हात धरला आणि म्हणाल्या, "भारतच्या पहिल्या लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो गं. बिदरला. जेवून आलो." मग रडत म्हणाल्या की हे कुणाला बोलू नको. दामिनी आईला आणि राजकन्येला बोलली. आईनं ऐकूनच घेतलं नाही. "अयोध्याला कवाच माझा भाऊ बघवला न्हाई," एवढं म्हणून ती उठून गेली.

चाकू आणले त्या संध्याकाळी आई देवळात गेल्यावर दामिनीनं ते दोन्ही राजकन्येसमोर ठेवले.

"हा चांगला. हा ढिला. जोर दिला की बोटावर मिटतो." तिनं सगळं सांगितलं. शीर कशी तुटते, बोट कसं ताठ होतं. "कुणाला कळणार न्हाई. चाकूच खराब निघाला म्हणतील. तू सांग कोणता द्यायचा."

राजकन्येनं ढिला चाकू उघडला. पात्यावर अंगठा ठेवून ते हळू मिटू दिलं, पुन्हा उघडलं. बराच वेळ ती तेच करत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते दामिनीनं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"झोपताना मी हेच बघते, अक्का," ती म्हणाली. "त्यांचा हात. रक्त. रोज बघते."

"मग हाच देऊ."

"न्हाई." राजकन्येनं तो मिटून बाजूला सारला. "बोट कापलं तर लोक त्यांना बघायला जातील. हातावर हात ठेवतील, हळहळतील. माय तर डबा घेऊन लातूरला जाऊन बसेल. मला त्यांना कुणाची हळहळ मिळू द्यायची न्हाई."

"मग?"

"चांगला दे. आणि मी येते. मीच देते."

ती बाहेर पडायला तयार झाली, यातच आईला इतका आनंद झाला की तिनं बाकी काही विचारलं नाही. ढिला चाकू राजकन्येनं पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचला आणि उकिरड्यात पुरला.

लातूरचा हॉल भरला होता. खात्यातली माणसं, सोयरेधायरे, गावोगावचे पाहुणे. हार, शाली, नारळ यांचा ढीग. मलप्पाही पुढच्या रांगेत होते. भाषणात प्रत्येकजण तेच सांगत होता की साहेबांनी किती संसार जुळवले. शेवटी मामांनी जाहीर केलं की निवृत्तीनंतर ते वधूवर सूचक मंडळ काढताहेत. "लोकांच्या लेकी चांगल्या घरी पडाव्यात, एवढीच इच्छा," ते म्हणाले, आणि टाळ्या झाल्या.

मग घरच्यांनी भेटी द्यायच्या होत्या. कस्तुराबाई लेकींना घेऊन स्टेजवर गेल्या. राजकन्येनं चाकू हातावर ठेवून पुढं केला. मामांनी तो उघडला, धार बघितली, खूश झाले. तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"थांब," ते हसून म्हणाले आणि खिसा चाचपू लागले. "चाकू फुकट घेऊ नये. नातं तुटतं. एक रुपया तरी घे."

माईक त्यांच्या हाताशीच होता. राजकन्येनं तो स्वतःकडं वळवला.

"राहू द्या, मामा. तुटू द्या."

लोकांना वाटलं, भाची गंमत करतेय. काहीजण हसले.

"मामा, सगळ्यांसमोर एक विचारते. मला झटके कधी आले? कोणत्या वर्षी, कोणत्या घरात? इथं माझी माय उभी हाय. तिला विचारा."

कस्तुराबाईंनी मान खाली घातली. त्यांच्या तोंडून 'आले' हा शब्द निघेना.

"घरातलं बोलणं घरात," मामा हळू म्हणाले. मग माईकमध्ये म्हणाले, "पोरगी आजारी हाय, मंडळी. माफ करा."

"मी आजारी न्हाई. भारतची पहिली बायको बिदरला हाय. तुम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून मला तिथं दिली, आणि मी परत आले तर मला रोगी केली."

"खोटं. सगळं खोटं."

राजकन्या पहिल्या रांगेकडं वळली. "मामी, तुम्ही सांगा."

अयोध्यामामी नव्या पैठणीत बसल्या होत्या. मामांनी त्यांच्याकडं असं पाहिलं की दुसरी एखादी बाई उठूनच गेली असती. मामी उठल्या, पण गेल्या नाहीत.

"जेवून आलो आम्ही," त्या म्हणाल्या. माईकची गरज पडली नाही. "त्या लग्नात. बिदरला. दोघं."

मामांच्या हातात चाकू तसाच उघडा राहिला होता. त्यांना तो मिटता येईना. मलप्पा मागच्या दारानं निघून गेले, हे पुष्कळांनी बघितलं. दोघा-तिघांच्या हातात फोन होते, त्यांनी हे सगळं टिपलं होतं. मामांनी कुणाकडं तरी पाहून हसायचा प्रयत्न केला. राजकन्या ते हसू विझेपर्यंत तिथंच उभी राहिली, मग खाली उतरली.

येताना बसमध्ये आई खिडकीकडं तोंड करून बसली. अहमदपूर गेल्यावर एकदाच बोलली. "भावाला पाडलंत. आता मला माहेर न्हाई."

"मला सासर न्हाई," राजकन्या म्हणाली. "बस माझ्याशेजारी."

मंडळ निघालं नाही. फलक रंगवून तयार होता म्हणे. लग्नाच्या पत्रिकेत मामांचं नाव छापायला लोक टाळू लागले. मामी सोलापूरला मुलाकडं राहायला गेल्या. आई कितीतरी आठवडे लेकींशी कामापुरतं बोलायची.

एक दिवस मामांचा फोन आला. कस्तुराबाईंनीच उचलला. आवाज बाहेर ऐकू येईल एवढा मोठा होता. पोरींना घेऊन ये, चार माणसांसमोर माफी मागू देत, मग मी विसरून जातो, असं ते म्हणत होते. कस्तुराबाई ऐकत राहिल्या.

"दादा," शेवटी त्या म्हणाल्या, "तू जेवलास का तिथं? तेवढं सांग."

त्यांनी थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला. मग पायरीवर बसून रडल्या.

राजकन्या आत पीठ मळत होती. तिला वाटलं होतं, एवढं झालं की निवेल. निवलं नव्हतं. मामांचं ते विझलेलं हसू तिनं मनात शंभरदा बघितलं होतं, आणि दर वेळी त्याच्या मागं भारतचा चेहरा दिसायचा.

दामिनी दवाखान्यातून आली तेव्हा राजकन्येनं तिला हात धुऊ दिले, ताट वाढलं आणि समोर बसली.

"अक्का, एक वकील बघ," ती म्हणाली. "आणि मामीला इचार, कोर्टात येतील का."