पाठीवरचा अंगठा

“काकू, तुम्ही त्या पांढऱ्या रेघेच्या मागे थांबा,” अमृत म्हणाला. “रेघेवर फक्त पायलट.”

एस्तेर जागची हलली नाही. केडगावच्या पलीकडच्या त्या माळावर दर शनिवारी मॉडेल हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांचा क्लब जमायचा आणि अमृत त्याचा सेक्रेटरी. पोरगा वाईट नव्हता, पण नियम सांगायला लागला की त्याला वेगळीच तरतरी यायची.

“माझा हात ह्यांच्या पाठीवर राहनार हाय,” ती म्हणाली. “हात रेघेवर अन् मी मागं, असं कसं जमंल? तूच सांग.”

तिचा नवरा शांतवन पुढे गुडघे टेकून हेलिकॉप्टरच्या टाकीत इंधन भरत होता. त्याला यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. साखर कारखान्याच्या टर्बाइनपाशी त्याची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन मी घरी आलो, कान तिथेच राहिले, असं तोच हसत सांगायचा. कानाचं यंत्र होतं, पण माळावर त्यात नुसता वारा घोंगावायचा.

आणि हा तर सगळा कानांचा खेळ. हेलिकॉप्टर वर न्यायचं म्हणजे पात्यांचा कोन वाढवायचा. कोन वाढला की पंख्यावर ओझं येतं, म्हणून त्याच क्षणी थ्रॉटल उघडून इंजिनाचा जोर वाढवायचा. पेटीवर एकदम तीन-चार सूर दाबले की भाता जास्त मारावा लागतो, तसंच हे. थ्रॉटल कमी पडलं की पंखा दमतो, जास्त झालं की बेफाम सुटतो. डोळ्यांना हे उशिरा कळतं, कानांना आधी. मागच्या महिन्यात शांतवनला ते वेळेत कळलं नाही. हेलिकॉप्टर प्रेक्षकांच्या खुर्च्यांजवळ कोसळलं. कुणाला लागलं नाही, पण काकांनी यापुढे बघायला यावं, चहा घ्यावा, रिमोट मात्र धरू नये, असं क्लबमध्ये बोलणं सुरू झालं.

घरी आल्यावर शांतवन गप्प गप्प राहू लागला. हा गप्पपणा एस्तेरच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी चर्चमध्ये भजन चालू असताना पुढच्या बाकावरची माणसं मान वळवून हसली होती. आपण बेसूर होतोय हे शांतवनला त्यांच्या तोंडांवरून कळलं. तेव्हापासून तो भजनाला उभा राहायचा, पुस्तक उघडायचा आणि ओठ मिटून घ्यायचा. काय भरदार आवाज होता त्याचा! एस्तेर पेटीवर असायची आणि तिथून तिला ते मिटलेले ओठ दिसायचे. गाणं गेलं ते गेलं. आता हेलिकॉप्टरही जाऊ द्यायला ती तयार नव्हती.

उपाय तिला धुणं धुताना सापडला. शांतवनने दुरुस्त केलेलं हेलिकॉप्टर अंगणात बांधून चालू केलं आणि ती साबणाच्या हातांनीच उठली. त्याच्या समोर जाऊन, ओठ दिसतील असं म्हणाली, “अहो, हे तर काळी एकला गातंय!”

काळी एक म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी. चर्चमधली निम्मी भजनं तिथूनच उठायची. इंजिनावर ओझं आलं की सूर शेजारच्या पांढरीवर उतरायचा, हे तिला बसल्या जागी ऐकू येत होतं. मग दोघांनी अंगणात तालीम सुरू केली. सूर उतरला की तिचा अंगठा त्याच्या पाठीवर दाबायचा, चढला की करंगळी. मूठ वळली तर थ्रॉटल बंद, विचारायचं नाही. शेजाऱ्यांनी कुंपणावरून बघून काय काय अर्थ काढले असतील ते त्यांचं त्यांना माहीत.

“गव्हर्नर बसवा ना त्यापेक्षा,” अमृत आता समजुतीच्या सुरात म्हणाला. “पंख्याचा वेग तो आपोआप सांभाळतो.”

“अन् इंजिन तापून रडायला लागलं तर?”

“ते ऐकावंच लागतं,” त्याने कबूल केलं. “पण काकू, तुमचा हात नियमात बसत नाही.”

“मंग तू नियम काढून वाचत बस. तवर आमी उडवून घेतो.”

शांतवनने इंजिन चालू केलं. एस्तेरने त्याच्या पाठीवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. जमलेल्यांनी मोबाईल काढले. काढू देत, ती मनात म्हणाली.

हेलिकॉप्टर उठलं. सूर किंचित उतरला, तिने अंगठा दाबला, सूर जागेवर आला. मोठा फेरा झाला, दुसरा झाला. शांतवनचे खांदे सैल पडलेले तिला हाताखाली कळत होते. किती दिवसांनी!

मग सूर करकरीत झाला, जरा चढला आणि एकदम खचायला लागला. अंगठ्याने भागणारं हे काम नव्हतं. तिने मूठ वळली.

शांतवनची पाठ ताठ झाली. डोळ्यांसमोर हेलिकॉप्टर छान चाललं होतं आणि बायको सांगत होती, इतक्या उंचीवर इंजिन बंद कर. चूक झाली असती तर यंत्रही गेलं असतं आणि पुन्हा कुणी रिमोट हातात दिला नसता. त्याने वळून बघितलं नाही. थ्रॉटल बंद केलं.

माळ शांत झाला. शांतवनने पात्यांचा कोन उतरवला. यंत्र खाली येऊ लागलं आणि खालून येणाऱ्या वाऱ्यानेच पंखा फिरत राहिला. जमीन जवळ आली तशी त्याने उरलेला सगळा जोर एका झटक्यात कोन वाढवून वापरला. हेलिकॉप्टर धप्पकन बसलं. एक पाय वाकडा झाला, बाकी सगळं जागच्या जागी.

अमृत धावत गेला. इंजिनाला हात लावायला गेला आणि झटकन मागे घेतला. इंधनाच्या नळीला चीर गेली होती, इंधन कमी पडून इंजिन तापलं होतं.

“उतरवलं मात्र झकास,” तो परत येऊन म्हणाला, “पण कमिटी ऐकणार नाही, काकू.”

कमिटीने नाहीच ऐकलं. संध्याकाळी मोबाईलवर निरोप आला: रेघेवर एकच माणूस, आणि त्याला ऐकू आलं पाहिजे. एस्तेरने तो शांतवनला दाखवला.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “ठिव कपाटावर.”

“कपाटावर कशापायी?” तिने त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. “माझ्या भावाचा, रॉबिनचा ऊस तुटलाय. देवळाली प्रवऱ्याला त्याच्या रानात उडवू. तिथं कुनाच्या बापाची रेघ न्हाई.”

तो हसला, पण अर्धाच. तिला ते अर्धं हसू रात्रभर टोचलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाळकांनी भजनाचा आकडा सांगितला आणि लोकांच्या लक्षात आलं, की पेटीवर आज एस्तेरऐवजी सिल्व्हिया बसली आहे. एस्तेर बायकांच्या बाकावरून उठली, मधली वाट ओलांडून पुरुषांच्या बाजूला गेली आणि शांतवनशेजारी उभी राहिली. कुणीतरी खाकरलं. तिने नवऱ्याच्या पाठीवर तळवा ठेवला.

पेटीने काळी एक धरली. शांतवनने घाबरून तिच्याकडे बघितलं.

“म्हना,” ती म्हणाली. “मी हाय.”

त्याने तोंड उघडलं. आवाज भरदार होता आणि पहिलीच ओळ पांढरीवर पडली. पुढच्या बाकावरच्या माना वळल्या. एस्तेरने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं, त्या पुन्हा समोर वळेपर्यंत, आणि अंगठा दाबला.

सूर चढला. दुसऱ्या ओळीला तिने अंगठा उचलला. हात मात्र तिथेच राहू दिला.