शोधा आणि लहान करा

मराठीत मोठी अक्षरं नसतात, तरी आमच्या संगणकाला ती सापडली.

वाचनालयाच्या समारंभाची पत्रिका मी छपाईच्या दुकानात जुळवत होते, तेव्हा त्यांचे चिटणीस दाभाडे यांचा फोन आला. "इंग्रजी बाजूला सगळी मोठी एबीसीडी झालीय हो. कुणीतरी ओरडतंय असं वाटतं. शोधून लहान करून टाका की."

मी शोधायच्या चौकटीत 'मोठी अक्षरं' निवडलं आणि 'सगळी बदला' दाबलं. इंग्रजी बाजू तशीच राहिली. मराठी बाजूवरचे 'मा.' गेले, 'श्री.' गेले, 'राव' गेले, आणि 'अध्यक्षपद भूषविणार आहेत'चं 'भूषविणार आहे' झालं. यंत्राला जे मोठं दिसलं ते त्यानं लहान केलं. त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना.

अध्यक्ष म्हणून माझ्या वडिलांचं नाव होतं. अप्पा निवृत्त मुख्याध्यापक, माझ्या मागच्या खुर्चीत बसून मुद्रितं तपासायचे. मी वळून पाहिलं, तर त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

"खुर्ची उंच केलीस का गं?" अप्पाने विचारलं.

"नाही. तू जरा थांब."

अप्पांना घरात आईसुद्धा अहो म्हणायची. मी जीभ चावली, पण पुन्हा तोंड उघडलं तेव्हा पुन्हा 'तू'च आलं.

केलेलं उलटवायचं बटण दाबलं, काही परत आलं नाही. हाताने 'श्री.' लिहिलं, तर टिंब पडायच्या आत ते पुसलं गेलं. 'आहेत'चा त टिकेना. तेवढ्यात अप्पाचा चष्मा नाकावरून घसरून मांडीत पडला. कपडे त्याच्याबरोबर लहान होत होते, चष्मा होत नव्हता. पत्रिकेच्या तळाशी चिटणीसाचंही नाव होतं. मी दाभाडेला फोन लावला.

"छान दिसतंय आता," तो बारीक आवाजात म्हणाला. "फक्त मला खिडकीतून बाहेरचं दिसत नाही."

मी अप्पाला उचलून टेबलावर ठेवलं. जेवणाच्या डब्याइतकाच भरला तो. पडद्यावर एक नवी ओळ आली होती. ती त्याने मुद्रित वाचावं तशी टिंबासकट वाचून दाखवली. "पुन्हा मोठं करण्यासाठी उपलब्ध, दोन टिंबं, कै, टिंब."

"मी नाही लिहिणार ते," मी म्हणाले.

"माझ्या नावाआधी लिही, मृणाल. तेवढं एकच टिकेल."

"तू असाच राहा. मी सांभाळीन तुला."

"असा कुठे राहतोय मी," अप्पा म्हणाला.

खरंच होतं. बोलता बोलता तो शाईच्या बाटलीएवढा झाला होता. मला रडू आलं, आणि मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

तो कळफलकावर चढला. बटणांवरून तोल सांभाळत क पर्यंत गेला आणि त्यावर उडी मारली. बटण हललं नाही. त्याने पुन्हा उडी मारली, घसरला, आणि दोन बटणांमधल्या फटीत त्याचा पाय अडकला.

त्याला वर काढायला मी बोट पुढे केलं. अप्पाने पाय सोडवून घेतला. मग माझं बोट दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि तो ते क कडे ओढू लागला.