हिरवा ठिपका

किन्हीराजा गावच्या लिलाबाईने दोन दिवस फोनचं नेट बंद ठेवलं होतं. कारण हसण्यासारखं होतं, पण लिलाबाईला हसू येत नव्हतं.

तिच्या फोनमध्ये बोलायचं एक अ‍ॅप होतं. पुण्याला कारखान्यात असलेला तिचा प्रसेनजित ते उघडून बसला, की त्याच्या नावाशेजारी हिरवा ठिपका लागायचा. रोज संध्याकाळी सातला लागायचा, अर्ध्या तासाने जायचा. लिलाबाई तेवढा वेळ भाकरी थांबवून बघत बसायची. पोरगा धड आहे, एवढं त्यातून कळायचं. बाकी दोन वर्षांत एक शब्द नाही.

दोष तिचाच. नवरा माणिकराव गेला तेव्हा प्रसेनजितला पोचायला एक दिवस उशीर झाला. बाईची जीभ आधीच तिखट, त्यात दुःख. भरल्या घरात म्हणाली, "बाप गेल्यावर कायले आला? जाय वापस." पोरगाही तिच्याच पोटचा, आल्या पावली गेला. नंतर फोन लावायला तिचा हात कधी धजला नाही. त्याने उचललाच नाही तर काय करायचं?

परवा शेजारची वैभवी सांगत आली, की तिचं अ‍ॅप आपोआप अपडेट झालं आणि सगळे ठिपके गेले. कंपनीने काढूनच टाकले म्हणे. नेटच नसलं तर अपडेट येईल कुठून, असा सरळ विचार करून लिलाबाईने नेट बंद केलं. पण नेटवाचून ठिपकाही दिसेना. दोन संध्याकाळी तिला घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच ती एसटीने तालुक्याला, मालेगावला, मोबाइलच्या दुकानात आली.

दुकानातली वर्षाराणी म्हणाली, नेट चालू करावं लागेल. लिलाबाईने फोन पोटाशी धरला. पोरीने समजूत घातली तेव्हा कुठे दिला. वर्षाराणीने प्ले स्टोर उघडलं, कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवलं, सेटिंगमध्ये जाऊन आपोआप होणारं अपडेट बंद केलं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण हे कायमचं नाही, तिने खरं ते सांगितलं. एक दिवस जुनं अ‍ॅप चालायचंच बंद होईल.

"तवर तर पाहू दे मले, माय," लिलाबाई म्हणाली.

तिने अ‍ॅप उघडलं. ठिपका होता. सकाळचे अकरा वाजले होते, या वेळी तो कधीच नसायचा. ती बघतेय तोच फोन वाजला, आणि वर प्रसेनजितचं नाव आलं. वर्षाराणीनेच बोट लावून उचलून दिला.

"माय, बरी हायेस ना? दोन दिस तुहा ठिपका दिसला नाई."

आपलाही ठिपका तिकडे लागतो, हे लिलाबाईला कोणी सांगितलंच नव्हतं. रोज सातला तो तिकडे काय बघत बसत होता ते आता कळलं, आणि तिला रडू आवरेना.

"रडू नको. मी गाडीतच हाओ. मेहकर सोडलं आता, घंट्याभरात मालेगावले येतो."

वर्षाराणी विचारत होती, बाकीच्या अ‍ॅपचंही एकदा तपासून देऊ का. लिलाबाईने पदराने डोळे पुसले आणि विचारलं, मेहकरहून येणारी गाडी स्टँडवर नेमकी कुठं लागते.