हॅडलब्रुकच्या पानावरची एक ओळ

मंगळवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी मोरेश्वर खवसे यांनी संगणक सुरू केला, तेव्हा विकिपीडियावरच्या हॅडलब्रुकच्या पानावर 'संदर्भ हवा' अशी खूण लागलेली होती. खूण एकाच ओळीपुढे होती : 'गावच्या ग्रंथालयात दर रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग भरतो.' चर्चेच्या पानावर अरविंद नावाच्या संपादकानं लिहिलं होतं, 'नमस्कार. लेख नेटका आहे. या एका विधानाला आधार दिसत नाही. सात दिवसांत मिळाला नाही, तर ओळ काढावी लागेल.'

मोरेश्वररावांनी ते दोनदा वाचलं. अरविंदचं म्हणणं पहिल्याच वेळी पटलं होतं.

हॅडलब्रुक हे न्यू जर्सीतलं एक श्रीमंत उपनगर. मोरेश्वररावांच्या पांढुर्ण्यात त्याचं नाव माहीत असलेली माणसं चार-पाच, आणि मराठी विकिपीडियावर त्याचं पान सांभाळणारा माणूस एकच. मोरेश्वररावांनी नगरपालिकेत एकतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवल्या होत्या. दवाखान्याची चिठ्ठी नसेल, तर खुद्द बापानं खिडकीशी येऊन सांगितलेली तारीखही ते लिहून घेत नसत. चार वर्षांपूर्वी पत्नी विजयाबाई गेल्या. मुलगी अमृता तिकडून आठ दिवस येऊन गेली. जाताना म्हणाली, "बाबा, काहीतरी करत राहा." मोरेश्वररावांनी तिच्याच गावाचं पान करायला घेतलं. अमृता, जावई चेतन आणि नात गायत्री, तिघं तिथं राहत होती.

आता त्या पानाला बेचाळीस संदर्भ होते. तिथल्या गावसभेची इतिवृत्तं ते शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजीतून वाचत. दुकानाची पाटी किती उंचीची चालते, अंगणातला पालापाचोळा कोणत्या आठवड्यात उचलतात, जुन्या टपाल कचेरीचं छप्पर कधी बदललं, सगळं त्यांना ठाऊक होतं. गाव पाहिलेलं मात्र नव्हतं. दोनदा जायचं ठरलं, दोन्ही वेळा अमृताच म्हणाली, यंदा नको.

बिनआधाराची ओळ एकच होती आणि ती त्यांचीच होती. तीन वर्षांपूर्वी अमृता फोनवर सांगत होती, "बाबा, मी रविवारी लायब्ररीत मराठी शिकवून राहिली. आठ पोरं येतात!" तिचा इतका मोकळा आवाज त्यांनी तिची आई गेल्यापासून ऐकला नव्हता. फोन ठेवला आणि त्यांनी ओळ लिहून टाकली. तिचं नाव घालणं नियमात बसत नव्हतं. पण त्या अख्ख्या गावात त्यांची मुलगी कुठं दिसत असेल, तर त्या ओळीत दिसत होती. ओळ जाऊ द्यायची नव्हती.

आठ वाजता शेजारच्या प्रेमलताबाई वर्तमानपत्र न्यायला आल्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या, विजयाबाईंच्या मैत्रीण.

"काय भाऊजी, अमेरिकेत आज नळ आले का?"

"तिकडे रोजच येते, वहिनी."

"मंग तोंड पाडून काहून बसले? सरपंचकी गेली का तिथली?"

मोरेश्वररावांनी खूण दाखवली आणि तिचा अर्थ सांगितला.

"त्यात काय? पोरीले विचारा न. घरचं माणूस आहे तिथं."

"घरच्या माणसाचं चालत नाही. छापून आलेलं लागते."

"हे बरं आहे बापा! पोरगी सांगते ते कच्चं, अन् पेपरवाला सांगते ते पक्कं." प्रेमलताबाईंनी वर्तमानपत्राची घडी काखेत मारली. "आपला पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा एक अक्षर नाही लिहिलं तुम्ही. अन् तिथला पालापाचोळा लिहून राहिले."

"पांढुर्ण्याचं लिहिणारे लय आहेत."

"असन. बरं, दिवाळीचा माझा चिवडा अमृताले पोचला म्हणे न?"

"पोचला. मस्त होता म्हणे."

"मंग झालं," म्हणत त्या गेल्या.

मोरेश्वररावांनी अमृताला मेसेज टाकला : वर्गाची बातमी कुठं छापून आली होती का? संध्याकाळी उत्तर आलं. 'काढून टाका न बाबा ती ओळ. कोण वाचते?'

बुधवारी त्यांनी ग्रंथालयाची जुनी वेळापत्रकं उघडली आणि चालू महिन्यापासून एकेक महिना मागं जात राहिले. रविवारी अकरा वाजता बुद्धिबळ होतं. मागच्या महिन्यात बुद्धिबळ, त्याच्या मागच्या महिन्यातही तेच. मराठी सापडलं ते थेट गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये. त्यानंतर वर्ग भरलाच नव्हता. अमृतानं ते कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं. तरी आधार मिळाला, याचं त्यांना बरं वाटलं. 'भरतो'च्या जागी 'भरत असे' केलं की ओळ टिकणार होती.

एका आधारावर थांबायची त्यांना सवय नव्हती. गुरुवारी त्यांनी हॅडलब्रुकच्या साप्ताहिकाच्या संकेतस्थळावर अमृताचं नाव टाकून शोध घेतला. वर्गाच्या बातमीत शिकवणाऱ्या बाईंचं नाव आलं असेल, असा अंदाज होता. नाव एकाच ठिकाणी सापडलं. ती वर्गाची बातमी नव्हती. महिनाभरात विकल्या गेलेल्या घरांची यादी होती. चौदा, लिंडन कोर्ट. विकणारे, चेतन व अमृता बोबडे. घेणारे, कोलमन. तारीख अठ्ठावीस ऑगस्ट.

त्यांनी नावांचं स्पेलिंग अक्षर अक्षर ताडून पाहिलं. मग कपाटातून दिवाळीच्या पार्सलची पावती काढली आणि तिच्यावरचा क्रमांक कुरियरच्या साइटवर टाकला. पत्ता तोच. पार्सल चौदा ऑक्टोबरला पोचलं होतं. सही कोलमन यांची.

चिवडा मस्त होता, असं अमृता वीस ऑक्टोबरला म्हणाली होती.

कोलमन यांनी पार्सल तिच्याकडे पाठवलं असेल, ही एक शक्यता त्यांनी धरली. दुसरी शक्यताही होती. कोणती खरी, हे ठरवायला त्यांच्यापाशी कागद नव्हता.

शुक्रवारी त्यांनी ओळ दुरुस्त केली आणि वेळापत्रकाचा आधार जोडला. तासाभरात अरविंदनं खूण काढून टाकली, आभार मानले. पान आता निर्दोष होतं. त्यातल्या गावात त्यांचं कोणी राहत नव्हतं. शनिवारी प्रेमलताबाई आल्या, तेव्हा ओळ टिकली, एवढंच मोरेश्वररावांनी त्यांना सांगितलं. "मंग पेढे कधी?" असं विचारून त्या वर्तमानपत्र घेऊन गेल्या.

रविवारी सकाळी सात वाजता नेहमीप्रमाणे फोन वाजला. तिकडे शनिवारची रात्र होती.

"काय करून राहिली?" त्यांनी विचारलं.

"काही नाही बाबा, भांडी आवरून राहिली. थंडी पडली का तिकडे?"

"पडली. गायत्री?"

"आत्ताच झोपली."

"अन् चेतनराव?"

"आहे न." ती म्हणाली. "खाली आहे, तळघरात. त्याचं काम चालू आहे."

लिंडन कोर्टच्या घराला तळघर होतं. घर घेतलं तेव्हा अमृतानंच त्याचा फोटो पाठवला होता.

नगरपालिकेच्या खिडकीशी लोक त्यांना खोटं सांगत, तेव्हा ते वर न पाहता फॉर्म परत सरकवत आणि म्हणत, "कागद आणा." आता त्यांनी वही पुढं ओढली.

"अमृता, तुझा पत्ता सांग बरं एकदा. लिहून घेतो."

"तुमच्याजवळ आहे न, बाबा."

"आहे. तपासून राहिलो."

घरामागच्या स्टेशनावरून मालगाडी जाऊ लागली, तिचे डबे संपता संपेनात.

"मालगाडी आहे का?" तिनं विचारलं.

"हो."

"केवढी लांब आहे." मग घाईघाईनं, "बाबा, मी लिहून पाठवते तुम्हाले." फोन बंद झाला.

त्यांनी चहा ठेवला, तो उतू गेला, परत ठेवला. नऊ वाजून बारा मिनिटांनी मेसेज आला : 'मी अन् गायत्री मिलफोर्डला राहतो. ठीक आहो. बाकी मग सांगते. कोणाले सांगू नका.'

मोरेश्वरराव संगणकापाशी जाऊन बसले आणि त्यांनी मिलफोर्ड हे नाव टाकलं. पान उघडलं, ती नुसती यादीच होती. न्यू जर्सीत एक मिलफोर्ड होतं. कनेक्टिकटमध्ये होतं, पेनसिल्व्हेनियात होतं, डेलावेअर, मॅसॅच्युसेट्स, ओहायो, मिशिगन. ते खाली खाली जात राहिले. टेक्सासमध्येही होतं.

नऊ वाजून एकतीस मिनिटांनी त्यांनी लिहिलं, 'कोणतं मिलफोर्ड?'

मेसेजपुढे दोन निळ्या खुणा उमटल्या. साडेअकरापर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.