पंखाच्या टोकाशी झालेली चूक

मित्रांनो, मी एक जुनी, वीतभर लांबीची करवत आहे. लाकूड कापणाऱ्या माझ्या दांडग्या बहिणींशी माझी तुलना करू नये. माझे पाते दोऱ्याइतके बारीक असून चांदीच्या पत्र्यातून फुले, पाने, पक्षी कापून काढणे हा माझा व्यवसाय होय.

माझे धनी दागिन्यांचे कारागीर. ते पत्र्यावर नक्षीचा कागद चिकटवीत, भोक पाडून त्यातून माझे पाते ओवीत. जो भाग टाकायचा, त्यावर फुली मारीत. फुली नसेल तेथे मी दात लावायचा नाही, असा आमचा नियम होता. कानशीने कडा घासून वस्तू चकाकली की लोक त्यांच्या हाताची स्तुती करीत. माझे नाव कोणी घेत नसे. असो.

पुढे धन्यांच्या पत्नी निवर्तल्या. धाकटी लेक नोकरीसाठी परमुलखी निघाली, तेव्हा त्यांनी पत्नीची चांदीची वाटी ठोकून पत्रा केला. त्यातून गळ्यातले पदक एकच होणार होते. "तिलाच करा, मी तर इथेच आहे," थोरली लेक म्हणाली.

गोल कड्यात पक्षी, पंखांची टोके कड्याला जोडलेली, अशी नक्षी होती. टोकाशी फुली नव्हती. तरी धन्यांनी मला तेथूनच फिरविले. मला चूक कळली. परंतु करवतीला दात असतात, तोंड नसते. पक्षी सुटून त्यांच्या मांडीवर पडला.

"बाबा, तुम्हाला नीट दिसतंय ना?" थोरलीने विचारले.

"सगळं दिसतं मला!"

"मग परवा उलटा सदरा घालून बाजारात कोण गेलं होतं?"

त्यांनी मला खाली ठेवले. "तुमच्या आईची वाटी वाया घालवली गं मी."

धाकटीने पक्षी उचलला. "वाया कशी? हा माझा, कडं ताईचं. उडायचं तर मलाच आहे ना?"

ती गेली. धन्यांनी मला खिळ्याला अडकविले. वर्षभर मी गंजत राहिले. अखेर थोरलीने मला उतरविले, तेल लावले.

"शिकवा, बाबा."

"मला दिसत नाही, बाळ." हे शब्द त्यांनी प्रथमच उच्चारले.

"ऐकू तर येतं?"

तेव्हापासून ती कापते आणि ते कान देऊन बसतात. "खरखर आली. पातं तिरकं झालंय, थांब."

मित्रांनो, काम संपताच माझे पाते सैल करा, तेलाचा बोळा फिरवा. आणि घरी कोणी बारीक काम करणारे असेल, तर त्यास आजच विचारा, "रेषा दिसते ना?" उत्तर "दिसते" असे आले, तरी एकदा त्याच्या सदऱ्याकडे पाहा.