रूपाबाईचा ढावलो

शितलच्या लग्नाला आठ दिवस उरले होते, तेव्हा तांड्याला कळलं की ढावलोचं शेवटचं कडवं कुणालाच येत नाही. ढावलो म्हणजे सासरी निघताना रडत म्हणायचं गाणं. शितलच्या बापानं, लखमानं, मला टेपमध्ये तीनदा लावलं. तिन्ही वेळा गाणं एकाच जागी थांबलं. मग जमलेल्या बायका उठून घरी गेल्या.

मित्रांनो, मी ती जुनी कॅसेट. साठ मिनिटांची.

१९९४ साली हिंगोलीकडच्या गोरेगावात अशफाकचं गाणी भरून द्यायचं दुकान होतं. साखऱ्याजवळच्या तांड्यावरून लखमा आपल्या बायकोला, रूपाबाईला, तिथं घेऊन आला. तांड्यातल्या सगळ्या पोरी तिच्याकडूनच ढावलो शिकत. तिनं डोळे मिटून गायला सुरुवात केली आणि तिचा आवाज माझ्यात उतरला. पण शेवटच्या कडव्याआधी ती थांबली.

"मावशी, टेप उरली ना अजून. पुढचं म्हणा," अशफाक म्हणाला.

"पुढचं नवरीच्या गळ्यात पडून म्हणतेत. तुझ्या गळ्यात पडू काय?"

अशफाक लाजला. लखमा पोट धरून हसला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. चल, जीप सुटून राहिली."

नवरी समोर नसताना ते कडवं म्हणायचं नाही, हा रूपाबाईचा नेम होता. शिकायला येणाऱ्या पोरींनाही तिनं ते कधी म्हणून दाखवलं नाही.

माझ्यावरून अशफाकनं किती कॅसेटी भरल्या, त्याला गणती नाही. कुरुंद्याच्या बद्रुद्दीन मास्तरनं त्यातलीच एक ऐकून ते गाणं क्लॅरिनेटवर बसवलं. दिपकच्या, म्हणजे रूपाबाईच्या मुलाच्या, लग्नात त्याचाच बँड होता. ते वाजवणं माझ्या दुसऱ्या बाजूला भरलेलं आहे. त्यात मधेच रूपाबाई बोललेली ऐकू येते, "माझ्यापेक्षा बरा रडतो हा बाजा."

पुढं हिंगोलीच्या कुणीतरी त्याला ढोल लावला. रडायच्या गाण्यावर पोरं नाचू लागली. रूपाबाई म्हणाली, "नाचू द्या. गाणं ध्यानात तर राहील."

पण हे सगळे माझ्यावरून शिकले होते. मी जिथं थांबते, तिथंच सगळे थांबले. गाणं तिथंच संपतं, असं लोकांना वाटू लागलं. मलाही वाटू लागलं होतं.

२००६ च्या उन्हाळ्यात रूपाबाई गेली. त्याआधी काही वर्षं मी पेटीत, लुगड्यांखाली पडून होते. लखमानं मला काढलं, पेन्सिलीनं माझी सैल फीत गुंडाळली आणि रोज सकाळी लावू लागला. शितलचं लग्न ठरेपर्यंत त्यालाही काही कमी वाटलं नव्हतं. मग नवरीच्या गळ्यात पडून म्हणायचं ते कडवं त्याला आठवलं.

आता तो घरोघर फिरला. पुतणी पुजा माहेरी आली होती; तिलाही रूपाबाईनंच ढावलो म्हणून सासरी धाडलं होतं. तिला दोन ओळी आठवल्या. पहिल्या ओळीत नवरी आईची चूल मागं सोडते, दुसरीत विहीर.

"आन् तिसरी?"

"काका, तवा मी रडून राहिले होते. ध्यान कुठं होतं?"

त्या दोन ओळी तिनं माझ्यात भरून दिल्या. शितल निघाली तेव्हा लखमा पुढं झाला. गडीमाणूस ढावलो म्हणत नाही. तांड्याचे प्रमुख भीमसिंग नाईक म्हणाले, "लखमा, बायांचं काम हाय ते."

"बाई न्हाई ना घरी," लखमा म्हणाला.

लेकीला मिठीत घेऊन त्यानं फाटक्या आवाजात दोन ओळी म्हटल्या. शितल तिसरीची वाट पाहत थांबली. मग गाडीत बसली.

मित्रांनो, आम्हा कॅसेटींना जपा, पण आमच्यावर विसंबू नका. आमच्यात असतं तेवढंच आम्ही सांगतो. घरात कुणी गाणं म्हणत असेल, तर जीप जाऊ द्या. गाणं पुरं ऐका.

शितलच्या आधी कितीतरी वर्षं रूपाबाईनं तांड्यातल्या जिवनबाईला पुरा ढावलो म्हणून सासरी धाडलं होतं. ती आदिलाबादकडं असते. निघताना ती रडली नव्हती, असं म्हातारे सांगतात. तिला तिसरी ओळ येत असेल. तिच्याकडं अजून कुणी गेलेलं नाही.